आत घेतलेली शिवण

रविवार

पोचलो एकदाचे. घरातली झाडून सगळी माणसं, आणि सामान इतकं की बघणाऱ्याला वाटावं, हे लोक गाव सोडून पळालेत. ही वही लेकीने दिली. "दवाखान्यातून आल्यापासून गप्प गप्प असतेस आई, मनात येईल ते लिहीत जा," म्हणाली. मी आणि गप्प! पण कोरी वही पडून राहिलेली मला बघवत नाही, कापडाचंही माझं तसंच आहे. म्हणून लिहिते.

घर तेच, दर उन्हाळ्यातलं. समुद्राकडे तोंड केलेला व्हरांडा, गंजलेल्या बिजागऱ्या, उशांना ओलसर वास. जिना मात्र यंदा फारच उभा वाटला. मध्येच दम खायला थांबले, तर मागून भाऊजी आले आणि माझी बॅग हिसकावून वर घेऊन गेले. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. हा माणूस स्वतःची चहाची कपबशीसुद्धा कधी उचलत नाही.

त्याहून नवल म्हणजे वन्संनी खिडकीजवळचा पलंग मला देऊन टाकला. माझं लग्न झाल्यापासून त्या पलंगावरून आमची जुंपते. माहेरवाशीण म्हणून मान त्यांचा, असं त्यांचं म्हणणं. थोरली सून म्हणून माझा, असं माझं. दरवर्षी त्याच जिंकतात. यंदा मी कंबर कसून आले होते, तर म्हणाल्या, "वहिनी, तुम्हीच झोपा. मला हल्ली वारा सोसत नाही."

न भांडता मिळालेल्या पलंगावर नीट झोपही येत नाही.

सोमवार

सकाळी सगळे वाळूवर. मी आणि सासूबाई व्हरांड्यात, मटार सोलत. माझ्याकडे टक लावून बघत एकदम म्हणाल्या, "तू किती वाळलीस गं!" धाकटी, म्हणजे भाऊजींची बायको, आतून धावत आली. "काहीतरीच काय सासूबाई, ताई आहेत तशाच आहेत. तुमचा चष्मा बदलायला झालाय." मला हसू आलं. आमच्या यांचं चष्म्याचं दुकान, आणि घरच्या म्हातारीचा चष्मा जुना!

ऑपरेशन झाल्यावर थोडी उतरले असेन, नाही म्हणत नाही. पण माझे सगळे कपडे मला अजून बेताचे बसतात. आयुष्यभर शिवणाचं मशीन चालवलंय मी, आरशावर विश्वास ठेवत नाही. आरसा कसाही लटकवला तर कसाही दाखवतो. कपडा खोटं बोलत नाही.

नंतर सासूबाईंनी मटाराच्या शेंगा फुकट घालवल्या म्हणून मला दोन शब्द सुनावले. बरं वाटलं. या घरात त्या तेवढ्या नेहमीसारख्या आहेत. बाकीच्यांना यंदा चांगुलपणाचा नुसता ऊत आलाय.

मंगळवार

आज मापाचा दिवस. वर्षातून एकदाच सगळी एका छपराखाली सापडतात, म्हणून मी इथेच मापं घेते आणि त्यावर वर्षभर शिवते. व्हरांड्यात रांग लागते. वन्सं पोट आत ओढून उभ्या राहतात आणि मी त्यांना बोलत ठेवते. बोलता बोलता पोट आपोआप सुटतं. मापं मला पाठ राहतात, लिहावी लागत नाहीत. धाकटीची चिमणी चांगलीच उंच झाली. फ्रॉकचा घेर धरून उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, मला खिसा हवा, शंख मावतील एवढा."

यांची कंबर घेतली आणि टेप पुन्हा लावून बघितली. माझा हात कधी चुकत नाही, पण वाटलं, आज चुकला. चुकला नव्हता. मागच्या उन्हाळ्यातला माणूस आणि हा माणूस, मध्ये माझी मूठ जाईल.

"अहो, हे काय?"

"चालतो ना हल्ली रोज," हे म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

चालून पोट जातं. गळपट्टी सैल होत नाही, खांदे उतरत नाहीत. मला का हे कळत नाही?

माझं माप नेहमी धाकटी घेते. स्वतःचं स्वतः घेतलं की श्वास धरला जातो आणि माप खोटं येतं. मी समुद्राकडे तोंड करून उभी, ती मागून. तिने मोठ्याने आकडे सांगितले, सगळे मागच्या वर्षीचेच. "बघा," मी वन्संना म्हटलं, "या वयात आणि पोट फाडून घेऊनसुद्धा बांधा टिकवलाय!" एरवी त्यांनी मला तिथल्या तिथे सुनावलं असतं. त्या उठून आत गेल्या.

गुरुवार

घराच्या मागे कपडे वाळत घालायला गेले तर हे तिथे, भिंतीला टेकून. भाऊजींचा हात यांच्या खांद्यावर. यांचे डोळे लाल. "वाळू गेली," दोघे एकदमच म्हणाले. वाळू समोर, समुद्राकडे. मागे नुसती हिरवळ आणि वाळत घातलेले टॉवेल.

 कुठेतरी पाणी मुरतंय.

जेवताना पाहिलं. यांनी भात ताटात इकडून तिकडे सारला, तसाच ठेवला. आणि माझ्या ताटात मात्र सगळे वाढताहेत. मला कुठे जातंय? समुद्राची हवा मला यंदा मानवलेली नाही.

शुक्रवार

आता कळलं. 

लेक व्हरांड्यात फोनवर बोलत होती. मी पाणी घेऊन मागून आले. "हो डॉक्टर. जेवण फारच कमी झालंय. नाही, दुखत नाही अजून. थंडीपर्यंत तरी, असं म्हणाला होतात ना तुम्ही?" मग मला पाहिलं आणि म्हणाली, "बँकेतून होता." तिच्या बँकेत डॉक्टर कधीपासून बसायला लागले?

म्हणजे हे. कंबर, भात, लाल डोळे, सगळं जुळलं. म्हणून वन्सं गोड बोलताहेत, म्हणून भाऊजी बॅगा उचलताहेत, म्हणून सुट्टी मिळत नाही म्हणणारी लेक महिनाभर इथे येऊन बसली. थंडीतलं स्वतःचं लग्न पुढच्याच महिन्यात उरकू म्हणते, तेही म्हणूनच. मला सांगत नाहीत, कारण मी नुकती दुखण्यातून उठलेय. माझी गाठ साधी होती, काढली आणि संपलं. मी सुटले. यांच्या वाट्याला ते आलं.

सगळ्यांनी मिळून मला ताकास तूर लागू दिली नाही, याचा राग यायला हवा. राग येत नाही. नुसती पायाखालची वाळू लाट ओढून नेते तसं होतंय.

विचारू? विचारलं तर यांना खोटं बोलावं लागेल, आणि यांना खोटं बोलता येत नाही. गिऱ्हाइकाला फ्रेम शोभत नसेल तर तेही तोंडावर सांगतात. नको. यांना वाटतंय ना, मला माहीत नाही? मग मला माहीत नाही.

रविवार

हे सकाळी फिरायला जातात तेव्हा एकेक पँट काढते आणि कंबरेत आत घेते. मशीन नाही, हातशिलाईच. सैल पँट सारखी वर ओढावी लागली की माणसाला दहादा आठवतं की आपण संपत चाललोय. निदान तेवढं तरी यांना आठवू नये. आतला जास्तीचा कपडा कापला नाही. दुमडून टाके घातले. बरे झाले, अंग भरलं, तर पुन्हा सैल करता येतील. मनातून अजून आशा सुटत नाही.

माझा सुईदोऱ्याचा डबा कुणीतरी उघडला होता. सुया उलट्या टोचलेल्या आणि गडद निळ्या दोऱ्याचं रीळ अर्धं झालेलं. धाकटीला विचारलं तर म्हणाली, "चिमणीचं बटण तुटलं होतं ताई." एका बटणाला एवढा दोरा? ही मुलगी माझ्याकडे शिकली आणि अजून दोरा वाया घालवते. शेवटी गाठ मारायची तर कधीच आठवत नाही तिला. किती वेळा सांगितलं, टीप संपली की दोन टाके मागे ये, मग गाठ मार, नाहीतर सगळं उसवतं. "हो ताई" म्हणते आणि पुन्हा तेच.

मंगळवार

हे आज पँट घालून आरशापुढे जरा जास्त वेळ उभे राहिले. माझ्याकडे बघितलं. मी चादरीची घडी करत होते. मग फिरायला गेले.

दुपारी पाण्यात पाय सोडून बसलो दोघं. कित्येक वर्षांत असे बसलो नव्हतो. दरवर्षी मी स्वयंपाकघरात आणि हे पत्त्यांच्या डावात. यांनी माझा हात धरला, तोही सगळ्यांसमोर! आणि माझ्या बोटातली अंगठी सुळकन निघून पाण्यात गेली. हे वेड्यासारखे वाळू उपसायला लागले. मी म्हणत होते, "अहो, जाऊ द्या, गार पाण्याने बोटं आखडतात," पण ऐकतील तर ना! सापडली शेवटी. सापडली तर हा माणूस रडायला लागला. अंगठीसाठी कुणी असं रडतं का? मी यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मनात म्हटलं, रडा, मला सगळं माहीत आहे.

बुधवार

लेक लग्नाचं कापड घेऊन आलीय. इथे, खाऱ्या हवेत! म्हणते, आताच बेत आणि शिव. मी म्हटलं, "कापड इतक्या आधी कापायचं नसतं. मुली लग्नापर्यंत एक तर बारीक होतात नाही तर जाड."

"मी नाही होणार."

"तुझ्या हातात आहे का ते?"

"आई, तू शिवलेलाच घालायचाय मला." आणि ओठ चावायला लागली. लहानपणी गुडघा फुटला की चावायची तसाच.

बापाने आपल्याला त्या ड्रेसमध्ये बघावं असं तिला वाटणारच. पण मला कात्री लावायचा धीर होत नाही. कापड कापलं म्हणजे मी पण मान्य केलं.

शुक्रवार

लिहायला बसले आहे आणि कुठून सुरू करू कळत नाही.

सकाळी चिमणीबरोबर शंख वेचत होते. अंगात निळा ड्रेस. वाकून हात लांब केला आणि काखेखाली टर्रकन आवाज झाला. शिवण वरपासून कंबरेपर्यंत उघडली. मी शिवलेली शिवण कधी उसवत नाही. उभी राहिले तर ड्रेस अंगाभोवती पडद्यासारखा लोंबायला लागला. चिमणी हसली, "काकू, तू केवढी मोठी झालीस!" मोठा ड्रेस झाला होता, पोरी. काकू नव्हे.

खोलीत येऊन कडी लावली आणि ड्रेस उलटा केला. माझी मूळ शिवण उसवलेली, तिची भोकं कापडात तशीच. तिच्या आत दुसरी शिवण, आमच्या घरच्या मशीनची. आणि तिच्याही आत तिसरी, हातशिलाई, गडद निळ्या दोऱ्याची, शेवटी गाठ न मारलेली. एकदा घरी आत घेतला आणि इथे आल्यावर पुन्हा.

कपाटातले सगळे काढले. करडा, पांढऱ्या ठिपक्यांचा, रात्रीचे गाऊनसुद्धा. सगळे आत घेतलेले, सगळ्यांत धाकटीचा हात. मग टेप घेतला आणि माझं माप मीच घेतलं. श्वास धरला नव्हता. मापाच्या दिवशी तिने मागच्या वर्षीचे आकडे पाठ म्हणून दाखवले होते.

जे पहिलं मनात आलं ते लिहिते, वाचणारा मला वेड्यात काढेल. पहिल्यांदा आनंद झाला. हे बरे आहेत! यांना काही झालेलं नाही, नुसते जेवत नाहीत, काळजीने वाळलेत. मी पलंगावर बसून खरंच हसले.

मग 'थंडीपर्यंत' हा शब्द आठवला. तो माझा होता.

शनिवार

काल जेवायला गेले नाही, डोकं दुखतंय म्हटलं. एकेक जण दाराशी येऊन गेला. सगळ्यांचा राग आला. माझंच शरीर आणि मी सोडून सगळ्या घराला ठाऊक. मग यांच्या पँटी आठवल्या आणि राग धरायची सोय राहिली नाही.

मला मरायचं नाही. हे लिहून ठेवते, कारण कुणाला म्हणून दाखवता येणार नाही. मला लेकीचं लग्न बघायचंय. चिमणीच्या फ्रॉकला खिसा लावायचाय. वन्संशी पुढच्या वर्षी पलंगावरून भांडायचंय.

पुढच्या वर्षीचं आज तरी भांडून घेऊ म्हटलं. खाली गेले आणि म्हणाले, "वन्सं, तुमचा तो पलंग तुम्हीच घ्या. गादीत खड्डा आहे, इतकी वर्षं कशावर हक्क सांगत होतात देव जाणे!"

त्या आधी गोंधळल्या. मग म्हणाल्या, "खड्डा माझ्या वजनाचा आहे म्हणायचंय का तुम्हाला?"

"मी वजनाचं नाव काढलं का?"

"तुमच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की नाव काढावं लागत नाही, वहिनी!"

अशी छान जुंपली. सासूबाईंनी दोघींनाही गप्प बसवलं. वन्संच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी त्या हटल्या नाहीत. मनापासून आवडल्या मला आज.

रविवार

दुपारी सगळे लवंडले तेव्हा धाकटीला खोलीत बोलावलं. निळा ड्रेस उलटा करून तिच्या मांडीवर ठेवला, सुई ओवून हातात दिली.

"टीप संपली की काय करायचं?"

तिने गडद दोऱ्याच्या शिवणीवर बोट ठेवलं.

"दोन टाके मागे यायचं," मीच सांगितलं, "मग गाठ. तेवढं केलं असतंस तर मला कधीच कळलं नसतं."

तिने ड्रेसमध्ये तोंड खुपसलं. "ताई, मी नाही म्हणत होते... दादांनी हात जोडले हो माझ्यापुढे. म्हणाले, तिला कपड्यांवरून कळेल, तेवढं सांभाळ."

बायकोला कपड्यावरून कळेल हे त्यांनाच सुचणार. इतकी वर्षं संसार केलाय.

"रडणं नंतर. आधी ही नीट कर. दोरा फिका घे, हा गडद दिसतो." तिने केली. शेवटी दोन टाके मागे आली आणि गाठ मारली. मग लेकीला हाक मारली आणि तिचं कापड टेबलावर पसरलं. लेकीने आमच्या दोघींच्या तोंडांकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. माझ्या गळ्यात पडून "आई, आई" एवढंच म्हणत राहिली. मी तिला पोटभर रडू दिलं. मीही रडले.

मग कात्री घेतली. बाजूंना सढळ कापड सोडलं, बारीक झाली काय, जाड झाली काय, धाकटीला पुरेल. शिवायला मी आहेच, जमेल तितके दिवस. पुढचं ती बघेल.

सोमवार

यांना मीच सांगितलं, वाळूवर चालताना.

"पँट कशी बसतेय?"

हे थांबले. "तू आत घेतलीस, हे मला त्याच दिवशी कळलं. तुझा टाका मी ओळखणार नाही का?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तू का घेतलीस तेच कळेना. मग वाटलं, तुला माझीच काळजी लागलीय. ती तरी असू दे म्हटलं. खऱ्यापेक्षा ती बरी."

"माझेही कपडे आत घेतलेत ना," मी म्हटलं.

हे खाली बसले, ओल्या वाळूत, कपड्यांची पर्वा न करता. मीही बसले.  मग यांनी सगळं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले, कधी म्हणाले, कुणाकुणाला माहीत आहे. मी ऐकलं. पाणी पायापर्यंत येऊन जात होतं.

"भीती वाटते का गं?"

"वाटते. तुम्हाला?"

यांनी मान डोलावली. मग मी त्यांच्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली, की आजपासून पोटभर जेवायचं. आज रात्री भात टाकला नाही. माझ्याकडे बघत बघत, औषध घ्यावं तसा खाल्ला, पण खाल्ला. वन्संनी आणखी वाढला तर तोही.

पँटींमधला कपडा मी कापलेला नाही, आत तसाच दुमडून ठेवलाय. हळूहळू यांचं अंग पुन्हा भरेल, तेव्हा त्या सैल कराव्या लागतील. कुठून उसवायच्या ते आज धाकटीला दाखवून ठेवलं.